भोकाचा पैसा

“जाताना तिनं माझं नाव घेतलं का?”

फार पूर्वी, पळसाच्या रानाला लागून असलेल्या एका गावात एक भाऊ हा प्रश्न विचारत दारोदार फिरत होता. ज्या बायका शेवटी त्याच्या बहिणीच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांच्या दारी तो गेला. एकीनं त्याला पाणी दिलं. दुसरीनं भाकरी पुढं केली आणि आधी खाऊन घे म्हणाली. तिसरीनं डोळ्याला पदर लावला. उत्तर कुणीच दिलं नाही. पुढंही कधी कुणी दिलं नाही.

बहिणीला तो आक्का म्हणायचा, म्हणून सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून घरात दोघंच. भाऊ रानातून पळसाची पानं आणायचा आणि आक्का बांबूच्या चोयांनी ती टाचून पत्रावळी लावायची. तिच्या हातची पत्रावळ अशी, की आमटी वाढली तरी खाली थेंब गळत नसे. कुणाकडं लग्न निघालं की लोक मुद्दाम विचारायचे, पत्रावळी आक्काच्याच आहेत ना.

भाऊ स्वभावानं उतावळा. लहानपणी पाटी फोडून शाळेतून पळाला तो परत तिकडं फिरकला नाही. मनात आलं की करायचं, विचार मागाहून. आक्का म्हणायची, तुझे हात पुढं पळतात आणि डोकं मागून चालत येतं.

ती गेली तेव्हा तो गावात नव्हता. पत्रावळींचे भारे घेऊन दूरच्या जत्रेला गेला होता. निघाला तेव्हा ती चुलीपुढं बसून त्याला काहीतरी आणायला सांगत होती, आणि त्यानं घाईत ते नीट ऐकलंही नव्हतं. मागं तिला ताप भरला तो उतरला नाही. निरोप पोचायला उशीर झाला आणि गावाला थांबता आलं नाही. भाऊ धावत आला तेव्हा नदीकाठची राखसुद्धा निवली होती.

घरी आला तर दाराशी त्यानंच आणून टाकलेला पानांचा ढीग वाळून कुरकुरीत झालेला. आत चटईवर अर्धी लावलेली पत्रावळ. तिच्यात एक चोय खोचून तशीच राहिलेली. भाऊ तिच्याशेजारी बसला. घर एवढंसं होतं, दोघांना पाय पसरून निजता यायचं नाही, रोज त्यावरून भांडण व्हायचं. आता तो आडवा तिडवा कसाही पडला तरी जागा उरत होती.

शेजारच्या काकूनं आक्काच्या वस्तू गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. लुगडं, काचेच्या बांगड्या, लाकडी फणी. भावानं गाठोडं सोडलं, झटकलं, पुन्हा झटकलं. गळ्यातला पैसा त्यात नव्हता.

त्या पैशाची गोष्ट अशी.

भाऊ लहान असताना दर भाऊबिजेला आक्का त्याला ओवाळायची. तो कुणाची गुरं वळून, कुणाचं पाणी भरून एक तांब्याचा पैसा मिळवायचा आणि मोठ्या रुबाबात तिच्या ताटात टाकायचा. त्या राज्यात पैशावर मोर असे. दुसऱ्या दिवशी आक्का तोच मोर घेऊन वाण्याच्या दुकानात जायची आणि गूळ आणायची. गूळ कुणी खायचा, तर भावानं. जरा कळता झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण दिलेली ओवाळणी फिरून आपल्याच पोटात येते आणि आक्काला काहीच राहत नाही. त्याला राग आला. त्या वर्षी त्यानं पैसा दगडावर ठेवला, खिळा धरला आणि मोराच्या पोटातून आरपार ठोकला.

“आता कर खर्च,” ओवाळून झाल्यावर तो म्हणाला. “भोकाचा पैसा वाणी घेत नाही.”

आक्का ताटाकडं बघत राहिली आणि मग इतकी हसली की निरांजन विझलं. तो पैसा तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. पत्रावळ लावायला वाकली की तो पुढं झुलायचा, ती तो मागं सारायची. भावानं तिला त्या पैशावाचून कधी पाहिलं नव्हतं.

आता तो कुठं गेला, हे कुणालाच सांगता येईना. काकू म्हणाली, आम्ही न्हाऊ घातलं तेव्हा गळा मोकळाच होता. दुसरं कुणी म्हणालं, तापात काढून चिल्लरीच्या डब्यात टाकला असेल. आणि तो डबा तर रिकामा झाला होता. त्या गावची रीत होती, की तिरडीपुढं लाह्या आणि घरातली चिल्लर उधळायची. ज्याला गरज असेल तो ती उचलतो, आणि ते पैसे पुन्हा बाजारात जातात. भोकाचा पैसाही त्यातच उधळला गेला असेल.

एवढं ऐकलं आणि भावाच्या डोक्यात ते घट्ट बसलं. आक्काचा पैसा गावातल्या मोडीत, सुट्ट्या पैशांत फिरतोय. या हातातून त्या हातात, आणि तो कुणाचा हे एकालाही ठाऊक नाही. बाकी सगळं जळून गेलं होतं. तिच्या अंगाला लागलेला एवढा एक तांब्याचा तुकडा उरला होता. तो मिळाला की आपल्या गळ्यात घालायचा आणि मरेपर्यंत काढायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

ठरवलं आणि तडक जाऊन त्यानं वाण्याच्या गल्ल्यात हात घातला. वाण्यानं तराजूची दांडी उगारली. मग त्याचा चेहरा बघून खाली घेतली.

“अरे, मागून तरी बघायचं,” वाणी म्हणाला. “मी नाही म्हटलं असतं, ते सोड.”

दूधवाला, भाजीवाली, नावाडी, सगळ्यांकडं तो गेला. पण आपला गल्ला दुसऱ्यापुढं पालथा कोण करतो? काही दिवसांनी लोक त्याला येताना बघून बटव्याची नाडी ओढून घेऊ लागले.

अशात गावात एक नाणेवाला आला. हा माणूस देशोदेशीची नाणी जमवत हिंडायचा. जवळ एक पेटी, पेटीत मखमलीचे खण, आणि खणाखणात एकेक नाणं झोपवलेलं. त्यातला एकच खण रिकामा होता. धर्मशाळेच्या ओट्यावर उभं राहून त्यानं गावाला सांगितलं, की कोणे एके काळी टांकसाळीतल्या कारागिरानं चुकून ठशातल्या मोराची मान उलटी कोरली. त्या ठशाच्या पैशावरचा मोर पुढं बघत नाही, मागं वळून बघतो. चूक कळताच ठसा मोडला, पण तोवर पडलेले थोडे पैसे लोकांच्या हाती गेले होते. तसा पैसा ज्याच्या चिल्लरीत सापडेल, त्याला आपण सोन्याची मोहर देऊ.

मग काय विचारता. ज्या गावानं पैशावरच्या मोराकडं कधी पाहिलं नव्हतं, ते गाव मोरापलीकडं काही बघेना. दुकानात लोक मोड देताना आधी एकेक पैसा उलटून बघायचे, आणि घेणारा पुन्हा उलटून बघायचा. मीठ घ्यायला गेलेली बाई भाकरी करपल्यावर घरी यायची. भिकाऱ्याच्या झोळीत पैसा टाकताना माणसं तो उजेडात धरायची, आणि भिकारीही मिळालेला पैसा उजेडात धरून मगच आशीर्वाद द्यायचा. जुनी मडकी फुटली, उतरंडी खाली आल्या. उंबऱ्याखाली आजोबांनी काय पुरलंय हे बघायला कुणी उंबराच उखडला. लोकांची नजर अंधूक, मोर झिजलेले. तेव्हा नाणेवाल्यानं सांगितलं, सगळं धर्मशाळेत आणा, आपण सगळ्यांसमोर निवडू.

भावानं हे ऐकलं आणि धर्मशाळा गाठली. ज्या गल्ल्यांना त्याला हात लावू दिला नव्हता, ते आपल्या पायांनी एका अंगणात येणार होते. तो नाणेवाल्यापुढं जाऊन उभा राहिला.

“मी निवडतो,” तो म्हणाला. “मजुरी नको. फक्त गावातला एकेक पैसा माझ्या हातातून गेला पाहिजे.”

नाणेवाल्याचे डोळे म्हातारे झाले होते आणि फुकट मिळणारे हात त्याला बरेच वाटले. तो हो म्हणाला.

अंगणात जाजम अंथरलं. एकेक घर येई, आपली पिशवी, आपलं गाडगं, आपला मळका रुमाल ओती, आणि ढिगाशेजारी राखण करत बसे. भाऊ मांडी घालून कामाला लागला. पैसा उचलायचा, उन्हात धरायचा, टाकायचा. पैसा उचलायचा, उन्हात धरायचा, टाकायचा. त्याचा हात इतका चाले, की बघणाऱ्यांना वाटे हा जन्मभर हेच करत आला असावा. नाणेवाला टाकलेल्या ढिगातून अधूनमधून एखादा पैसा भिंगाखाली बघायचा आणि समाधानानं मान हलवायचा.

वाण्याचा ढीग झाला, पाटलाचा झाला, नावाड्याचा झाला. मग तेलीण आली. तिचे पैसे इतके तेलकट, की बोटांतून निसटायचे. ती आधीच म्हणाली, बाबा, माझ्यात काही निघायचं नाही, पण सगळे आले म्हणून आले. भाऊ उचलत होता, उन्हात धरत होता, टाकत होता.

“थांब,” नाणेवाला म्हणाला.

भावानं आत्ताच फेकलेला पैसा त्यानं उचलला. धोतराच्या सोग्यानं तेल पुसलं. भिंग धरलं. तांब्यावर एक मोर होता, आणि तो मान वळवून मागं बघत होता.

सगळं अंगण उठून उभं राहिलं. तेलीण मात्र मटकन खाली बसली. मोहर हातात ठेवली तरी ती म्हणत होती, माझ्या तेलकट पैशात? मग ती रडायला लागली आणि रडतरडतच घरी गेली, आणि निम्मं गाव तिच्यामागं गेलं.

उरलेल्या निम्म्यानं भावाला धरलं. हातात आलेली मोहर फेकणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. एकानं विचारलं, तू मोर बघत नव्हतास, तर उन्हात धरून बघत काय होतास? भाऊ म्हणाला, भोक.

“याच्या डोक्यातच पडलंय ते,” मागून कुणी म्हणालं, आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. आपल्या ढिगात काही निघालं नाही, म्हणून त्यांना कुणाला तरी हसायचं होतं. मग ज्यानं त्यानं आपापली चिल्लर बांधली आणि अंगण मोकळं झालं.

भावानं जाजम उचलून झटकलं. खाली काही नव्हतं. गावातला एकेक पैसा त्याच्या हातातून गेला होता, आणि आक्काचा त्यात नव्हता.

ऊन उतरलं. ओट्यावर नाणेवाला पेटी उघडून बसला होता. शेवटचा खण भरला होता. तो हसेल असं भावाला वाटलं होतं, पण तो नुसता बघत होता, जसा एखादा माणूस जेवण झाल्यावर ताटाकडं बघतो. उद्या कुठल्या गावाला, असं भावानं विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. हा खण रिकामा होता तोवर दर गावाला जायला कारण होतं, असं तो म्हणाला. घर विचारलं, तर त्यानं पेटीकडं बोट केलं.

मग त्यानंच विचारलं, भोकाचं काय आहे? आणि भावानं सगळं सांगितलं. गूळ, खिळा, ताट, तिरडीपुढची चिल्लर. इतके दिवस गावात कुणी त्याला हे विचारलं नव्हतं.

नाणेवाल्यानं पेटीच्या कोपऱ्यातून एक तांब्याचा पैसा काढला.

“हा घे. तीच टांकसाळ, तोच मोर. खिळा तू ठोक.”

भावानं तो पैसा ओट्यावर आपटला. “हा तिच्या गळ्यात नव्हता.”

नाणेवाला रागावला नाही. पैसा उचलून त्यानं पेटीच्या कोपऱ्यात परत ठेवला.

“पोरा,” तो मग म्हणाला, “तू भोक कशासाठी पाडलंस?”

“खर्च होऊ नये म्हणून.”

“मग तो मोडीत कसा असेल? माझा जन्म चिल्लर उपसण्यात गेला. भोकाचा पैसा चिल्लरीत मी कधी पाहिला नाही. तो कुणी घेतच नाही, तर दुकानात जाईल कसा? उधळलेल्यातला उचलला असता, तरी लगेच टाकून दिला असता. असला पैसा हातात नसतो. कुठंतरी बांधलेला असतो. वासरांच्या गळ्यात बघ. तान्ह्या पोरांच्या कमरेला बघ.”

भोक पाडणारा भाऊ स्वतः होता. भोकाचा पैसा वाणी घेत नाही, हे वाक्यही त्याचंच. आणि तेच विसरून तो गावाची चिल्लर चाळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं गोठे पाहिले. वासरांच्या गळ्यात घुंगरं होती, कवड्या होत्या. मग अंगणात रांगणाऱ्या पोरांच्या कमरा तो वाकून बघू लागला. कुठं चांदीची घुंगरं, कुठं नुसता काळा करदोटा. एका आजीनं हटकलं, की पोराच्या कमरेला काय बघतोस, स्वतः लग्न कर आणि स्वतःच्या पोराची बघ. त्यानं तीही शिवी खाल्ली आणि पुढं गेला. गाव संपलं.

गावाबाहेर कापणी झालेल्या रानात धनगरांचा तळ पडला होता. मेंढरं घेऊन ते दर साली यायचे, मेंढरं बसवून रानं खतवायचे आणि पुढं जायचे. आज त्यांचा तळ उठत होता. गडी मेंढरं घेऊन पुढं निघाले होते. मागं रकमा नावाची तरणी धनगरीण तट्टावर बिऱ्हाड लादत होती. तिचं तान्हं बाभळीच्या सावलीत घोंगडीवर उताणं पडून पाय झाडत होतं. कमरेला काळा दोरा, आणि दोऱ्यात तांब्याचा पैसा.

मोराच्या पोटातून आरपार भोक.

भावाचे हात पुढं गेले. त्यानं पैसा मुठीत धरला आणि हिसका दिला. दोरा तटकन तुटला. पोरानं टाहो फोडला, कुत्रं भुंकत आलं, आणि भाऊ मूठ छातीशी धरून पळाला. बांधापर्यंत पळाला आणि तिथं उभा राहिला. इतक्या दिवसांनी ती वस्तू त्याच्या हातात होती.

रकमा मागं धावली नाही. तिनं पोराला उचललं, खांद्यावर टाकलं, आणि आहे तिथूनच बोलली.

“तू तिचा भाऊ व्हय रं? पानं आणणारा?”

तो वळला.

“मग ने. तुझ्या हातची वस्तू हाय म्हणाली होती ती. ने. पर सांगून न्यायची. लेकराला ओढून न्हाई.”

भाऊ पाय ओढत परत आला. मूठ त्यानं उघडली नाही. ती कधी म्हणाली, एवढंच त्यानं विचारलं.

रकमानं सांगितलं ते असं. तिचं पहिलं मूल जगलं नव्हतं. दुसरंही राहिलं नव्हतं. या खेपेला सासूनं बजावलं होतं, की दुसऱ्याच्या घरचा भोकाचा पैसा मागून आण आणि लेकराच्या कमरेला बांध. विकतचा चालत नाही, मागूनच आणावा लागतो. ती दारोदार फिरली, पण असला पैसा ठेवतो कोण? शेवटी आक्काच्या दारात आली. आक्का पत्रावळ लावत बसली होती. तिनं ऐकून घेतलं, चोय खाली ठेवली आणि गळ्यातला दोरा काढला. भाऊ तेव्हा पानं आणायला रानात गेला होता. ताप यायच्या आधीची, जत्रेच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

“मी नको म्हणले,” रकमा म्हणाली. “म्हणले, बाई, गळ्यातलं काढून देऊ ने. तर हसाया लागली. म्हणाली, माझा भाऊ करून देईल दुसरा, त्याला खिळं ठोकायची लई हौस. आन् मग तुझंच सुरू झालं. भाऊ असा, भाऊ तसा. गुळाचं सांगितलं, पाटी फोडल्याचं सांगितलं. मी शेवटी म्हणले, आक्का, जाऊ दे मला, भाकरी टाकायची हाय.”

भाऊ घोंगडीवर बसला. आक्कानं त्याला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आल्यावर त्यानं तिच्या गळ्याकडं पाहिलंही नव्हतं. भूक लागली होती, जत्रेची घाई होती.

पोर रडायचं थांबलं होतं. रकमानं त्याला खाली ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. पैसा द्यायचा की न्यायचा, हे तिनं त्याच्यावर सोडलं होतं. तिच्या डोळ्यांत भीती होती. पण मागायचं होतं ते तिचं एकदा मागून झालं होतं.

भावानं मूठ उघडली. तांबं घामानं ओलं झालं होतं. पुन्हा मिटावं असं त्याच्या बोटांना वाटत होतं. दुसरा कुठून आणणार होता तो? गावभर बघितलं तरी दुसरा नव्हता. मग त्याचं लक्ष पोराच्या पोटाकडं गेलं. बेंबीखाली एक लाल ओरखडा होता, आणि त्याच्या बाजूला जुन्या ओरखड्याची खपली.

“हे काय?”

“त्याचंच. भोकाची कड बोचती त्याची. मी खाली फडकं सारते, पर राहतंय कुठं.”

भावानं पैशावरून अंगठा फिरवला. खिळा ज्या बाजूनं बाहेर पडला होता, तिथं तांबं काट्यासारखं वर आलं होतं. लहान हातांनी ठोकलं होतं आणि तसंच ताटात टाकलं होतं. त्याला आक्काचा गळा आठवला. गळ्याच्या खळग्यात तिला एक काळा डाग होता. आजवर तो त्या डागाला तीळ समजत आला होता.

तो तीळ नव्हता. एवढी वर्षं ते तिला बोचत होतं, आणि ती एकदाही म्हणाली नव्हती.

तेव्हा कुठं तो रडला. नदीकाठी राख बघून रडला नव्हता, तो त्या परक्या रानात एका धनगरिणीसमोर पोटभर रडला. रकमानं त्याला उगी म्हटलं नाही. तिनं दोर आवळून बिऱ्हाड बांधलं आणि तट्टाला पाणी दाखवलं.

पुढून गड्यांची हाक आली, मेंढरं ओढ्यापलीकडं गेली होती. येते, रकमा ओरडली.

भावानं बाभळीखालचा एक काळा दगड ओढून घेतला. त्यावर तट्टाच्या पाण्यातली ओंजळ ओतली आणि पैशाची ती बाजू त्यावर घासायला लागला. उतावळा माणूस तो, पण या एका कामाला त्यानं घाई केली नाही. घासायचा, धुवायचा, बोटानं बघायचा, पुन्हा घासायचा. मोराचं पोट झिजलं, पिसारा झिजला. शेवटी त्यानं ती कड आपल्या पापणीवरून फिरवून पाहिली. बोचली नाही.

मग त्यानं रकमाकडून नवा काळा दोरा मागून घेतला. पैसा ओवला. पोराच्या कमरेला बांधला, पोर वाढेल म्हणून जरा सैल. गाठीवर गाठ मारली, आणि दोऱ्याचं उरलेलं टोक दातानं तोडून टाकलं.

तात्पर्य काढायचंच तर हे: गेलेल्या माणसाची वस्तू शोधावी. पण ती कुणा जिवाला बांधलेली सापडली, तर सोडवून आणू नये. आपल्या हातून तिला राहिलेली बोचरी कड तेवढी घासून द्यावी.